कांडीची शेपटी

"शिट्टी वाजली की टिपायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. अळी चोचीत धरायची, म्हणजे दोन बोटांत. मूठभर गवत उपटणारी चिमणी बाद," खैरनार बाई म्हणाल्या, आणि दहावी ‘ब’च्या आम्ही त्रेचाळीस चिमण्या शाळेमागच्या पटांगणात उकिडव्या बसलो.

अळ्या म्हणजे रेशमाचे बोटभर तुकडे होते. शंभर लाल आणि शंभर हिरवे. ते मीच आणले होते. येवल्यात ज्याच्या घरी पैठणीचा माग आहे त्याच्याकडे रेशमाचा कचरा मागायचा, एवढं व्यवहारज्ञान जीवशास्त्राच्या बाईंकडेही होतं. तुकडे कापून, मोजून, दोन पुड्या बांधून दिल्या होत्या माझ्या आईने. एका पुडीवर तिने कोळशाने ‘ला’ लिहिलं होतं आणि दुसरीवर ‘हि’. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाईंनी दोन्ही पुड्या गवतात उधळल्या. धडा होता नैसर्गिक निवडीचा. पुस्तक वाचून दाखवणं बाईंना जमायचं नाही, किंवा आवडायचं नाही. बेडूक म्हटलं की त्या बेडूक घेऊनच वर्गात यायच्या.

एका वेळी चार चिमण्या, अर्धं मिनिट. टिपलेल्या अळ्या मोजायच्या आणि परत गवतात टाकायच्या. आकडे लिहायला वर्गाचा मॉनिटर किशोर गुजराथी फळा घेऊन बसला होता. कुणाच्या चौदा लाल, तीन हिरव्या. कुणाच्या सोळा लाल, चार हिरव्या. हिरव्या अळ्या हिरव्या गवतात लपतात, लाल बिचाऱ्या सापडतात, आणि पुढच्या पिढीला पिल्लं कोणाची राहणार ते सगळ्यांना न सांगता कळत होतं. बाई खूश होत्या.

मग माझी पाळी आली. मी टिपून आणलं आणि किशोरने मोजलं. अकरा लाल, बारा हिरव्या.

"मुक्या, आंधळी चिमणी आहे रे तू!" मागून कोणीतरी ओरडलं. मुकुंदचा मुक्या व्हायला वर्गात वेळ लागत नाही.

"बाई, याचं खोडू का?" किशोरने विचारलं. "याच्यामुळे सगळं बिघडून राह्यलंय."

"खोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "आलेलं निरीक्षण खोडायचं नसतं. ते तसं का आलं हे विचारायचं असतं. मुकुंद, परत जा."

मी परत गेलो. दहा आणि दहा. बाईंनी मला पटांगणाच्या दुसऱ्या बाजूला, सावलीत पाठवलं. नऊ आणि अकरा. मग किशोरला माझ्याच जागी, त्याच सावलीत बसवलं. त्याच्या पंधरा लाल, तीन हिरव्या.

"बदलणाऱ्या गोष्टीला शास्त्रात काय म्हणतात?"

"चल, बाई!"

"एका वेळी किती चल बदलायचे?"

"एकच!"

"का?"

"दोन बदलले तर कोणामुळे काय झालं ते कळत नाही!"

हे सगळं आम्हाला पाठ होतं. ‘चल मुक्या, चल चल’ म्हणून दोघातिघांनी लगेच गाणंही केलं. बाईंनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"अळ्या त्याच. गवत तेच. वेळ तेवढाच. जागा आपण बदलून पाहिली, फरक नाही. मग बदललं काय?"

मग शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चिमणी."

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मलाही हसू आलं नाही, कारण आठ दिवसांपूर्वी घरी जे झालं होतं ते माझ्या गालावर अजून होतं असं मला वाटायचं.

त्याच्या तीन दिवस आधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा मला पदरावर बसवलं होतं. काठ मी वर्षभर विणत होतो, पण पदर म्हणजे मानाचं काम. तिथे पोपट येतात. एकेका पोपटाला इवल्या इवल्या काड्यांवर भरलेलं रेशीम लागतं, त्या काड्यांना आम्ही कांड्या म्हणतो. माझ्या डाव्या हाताच्या डब्यात लाल कांड्या, उजव्या हाताच्या डब्यात हिरव्या. शाळा सुटल्यावर मी तीन दिवस बसलो आणि चार पोपट विणले. चोचीसकट, डोळ्यासकट. अण्णा बाहेरगावी होते. ते आले, चपला काढल्या आणि मागाजवळ आले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पोपट," मी म्हणालो. आवाजात थोडी ऐट होती, ती मला आजही आठवते.

पोपट लाल होते आणि चोची हिरव्या.

एक थप्पड बसली. अण्णांनी मला आधी कधी मारलं नव्हतं. मग त्यांनी कात्री घेतली, पदर कापून बाजूला टाकला आणि अगदी हळू म्हणाले, "कामाची थट्टा करणारा मला मागावर नको. दहावी झाली की मनमाडला काकाकडे सायकलच्या दुकानात जायचं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. जेवताना लागलं सवरलं तर आईला म्हणायचे, "त्याला भाजी वाढ."

मला सायकली आवडायच्या नाहीत असं नाही. पण वीण ठोकणाऱ्या फणीचा आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की मला माझ्या जागी बसल्यासारखं वाटायचं. ते जाणार होतं आणि का जाणार होतं हेच मला कळत नव्हतं. मी थट्टा केली नव्हती. मी तीन दिवस जीव ओतून पोपट विणले होते.

चिमण्यांच्या खेळाच्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. टेबलावर आठ तुकडे ठेवले.

"याचे दोन ढीग कर."

मी केले. लगेच केले.

बाई वाकून बघायला लागल्या. प्रत्येक ढिगात लालही होते आणि हिरवेही होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "हे कसे लावलेस?"

"हे दुपदरी रेशीम आहे, बाई. हे तिपदरी."

बाईंनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, खिडकीपाशी नेला, परत आणला. त्यांना दुपदरी-तिपदरी काही दिसलं नसावं. "बरं. आता रंगाने लाव."

मी तुकडे एकेक करून उलटसुलट केले. मग म्हणालो, "बाई, रंग एकच आहे की सगळ्यांचा."

बाई स्टुलावर बसल्या. "मुकुंद, कुंकू कोणत्या रंगाचं असतं?"

"लाल."

"गवत?"

"हिरवं."

"कशावरून?"

"पाठ आहे, बाई."

खरंच पाठ होतं. रंगांची नावं पाढ्यांसारखी असतात, काही मुलांना ती लवकर येतात आणि मला जरा उशिरा, अशी माझी समजूत होती. लाल आणि हिरवं म्हणताना बाकीच्यांना दोन निरनिराळ्या गोष्टी दिसतात, हे पंधरा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? कोणाच्या डोक्यात येणार? मी बाईंना पोपटांचं आणि थपडेचं सगळं सांगून टाकलं, वर्षभर काठ विणल्याचंही.

"मग तू वर्षभर काठ कसा विणलास?"

"जागेवरून. डाव्या डब्यात लाल, उजव्यात हिरवं."

"आणि पदरावर बसलास त्या दिवशी?"

मला एकदम आठवलं. त्या दिवशी माझ्या बहिणीने, इंदूने, खोली झाडली होती. डबे उचलून खाटेवर ठेवले होते आणि परत खाली मांडले होते.

"चल बदलला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी विसरलो नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही की बिचारा म्हटलं नाही. त्यांनी निरीक्षणवहीत माझे आकडे नीट ओळीने उतरवले आणि बेरीज केली. "पहिल्या फेरीत तुझ्या तेवीस अळ्या," त्या म्हणाल्या. "वर्गात एवढ्या कोणाच्याच नाहीत. पोट तुझंच जास्त भरलं. ते कसं?"

"रेशीम चमकतं ना, बाई. गवत चमकत नाही."

"रविवारी मी तुझ्या घरी येते," बाई म्हणाल्या.

रविवारी बाई आल्या. अण्णांनी चटई टाकली, आईने पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. इंदूला तिने शेजारी पिटाळलं होतं. बाईंनी इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ मुद्द्याला हात घातला.

"मुकुंदने थट्टा केली नाही. त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसतच नाही. त्याचे डोळे तसे आहेत. जन्मापासून."

अण्णा हसले. हसण्यात राग होता. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी नाही म्हणत नाही. पण भिंतीवर बघा जरा."

भिंतीवर मागाच्या बरोबर वर माझ्या आजोबांचा फोटो होता. आईचे वडील. सगळा विणकरवाडा त्यांना वस्ताद म्हणायचा. अण्णा बारा वर्षांचे असताना त्यांच्याकडे कांड्या भरायला लागले, तिथेच शिकले आणि शेवटी त्यांचेच जावई झाले. रोज सकाळी मागावर बसण्याआधी अण्णा देवाला एकदा आणि त्या फोटोला एकदा असे दोन नमस्कार करत. मला आजोबा फक्त फोटोतलेच आठवतात, कारण ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

"त्यांच्या पोपटासारखा पोपट येवल्यात झाला नाही," अण्णा म्हणाले. "त्यांचा नातू रंगात चुकतो? लक्ष नाही त्याचं. दुसरं काही नाही."

"हे घराण्यातूनच येतं," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून नाही. आईकडून."

दारात आईच्या बांगड्या वाजल्या.

"म्हणजे हिला दिसत नाही?" अण्णांनी आईकडे बघितलं. "हिला तर एका लालातले सात लाल दिसतात."

"दिसणारच. तुमच्या दोन कांड्या द्या जरा." बाईंनी त्या दोन्ही हातांत धरल्या. "समजा, रंग ओळखायची ही कांडी. बाईच्या अंगात अशा दोन असतात. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, तिला कळतही नाही. पुरुषाकडे एकच, आणि ती येते आईकडून. आई दोनांतली कोणती देणार ते तिच्या हातात नसतं. चांगली गेली तर मुलगा चांगला. बिघडलेली गेली तर तो असा. यात कोणाचा दोष नाही, अण्णा. मुलाचा नाही आणि त्याच्या आईचाही नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी दाराकडे बघून म्हटलं.

"आणि हिला ती बिघडलेली कांडी दिली कोणी?" अण्णांनी विचारलं.

"तिच्या आईने, नाहीतर वडिलांनी. वडिलांकडची असेल तर त्यांनाही मुकुंदसारखंच दिसत असणार. त्यांच्याकडे ती एकच."

"झालं तर मग!" अण्णांनी मांडीवर हात मारला. "वडील म्हणजे वस्ताद. ते तर शक्यच नाही. उठा बाई, चहा घ्या."

बाई उठल्या नाहीत. त्या हातातल्या कांडीकडे बघत होत्या. काडीच्या खालच्या टोकाला बोटभर रेशीम लोंबत होतं. दुसऱ्या कांडीलाही तसंच होतं. त्यांनी डब्यात बघितलं. सगळ्याच कांड्यांना होतं.

"ही शेपटी कशाला?"

"ती आमच्या वस्तादांची पद्धत," अण्णांचा आवाज लगेच बदलला. "कांडी भरताना रेशमाचं आतलं टोक बोटभर बाहेर सोडायचं. कांडी उचलण्याआधी ते चिमटीत धरून असं फिरवायचं." त्यांनी करून दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट, हलकेच दोन वळसे. "पीळ बघायचा. माझ्या हाताखाली शिकलेली सगळी पोरं असंच करतात. परगावचा विणकर नुसता हात बघून ओळखतो, हा आम्हा दिवट्यांच्या घरचा म्हणून."

"आणि पीळ कळतो?"

"कळतो म्हणजे..." अण्णा थांबले. "वस्तादांना कळायचा. आमचा हात काय तेवढा तयार नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही कळला?"

अण्णांनी कांडी डब्यात परत ठेवली.

"तिथं गाठी असायच्या," आई म्हणाली.

ती दारातून दोन पावलं पुढे आली होती. परक्या माणसासमोर ती कधी अशी मध्येच बोलायची नाही. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"मी मारायचे गाठी. सात वर्षांची असल्यापासून. लालला एक, हिरव्याला दोन, बाकी कशाला नाही. बाबा हाताने चाचपायचे आणि उचलायचे. तुम्ही कामाला यायच्या आधी पहाटे मी सगळ्या कांड्यांना मारून ठेवायचे आणि बारीक इतक्या मारायचे की डोळ्याला दिसू नये. कोणी विचारलं तर पीळ बघतो म्हणून सांगायचे ते. माझी आई तर मी पाळण्यात असतानाच गेली होती. दुसरं कोणाला ठाऊक नव्हतं."

"आणि तू मला..."

"लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी गळ्याची शपथ घातली. म्हणाले, जावई माझा शिष्य आहे. त्याच्या नजरेतून मला उतरवू नको." आईचा आवाज फाटला. "तुम्ही सगळ्यांना सांगता ना, लेकीचं लग्न झालं आणि वस्तादांचं कामातलं मन उडालं, महिन्याभरात त्यांनी माग सोडला. मन नव्हतं उडालं हो. मी इकडे आले. गाठी मारायला कोण राहिलं?"

मी आईकडे बघत होतो. मला त्या दोन पुड्या आठवल्या, कोळशाने लिहिलेलं ‘ला’ आणि ‘हि’. तिला माझ्याबद्दल संशय होता. कधीपासून होता कोण जाणे.

"त्याला मारलंत तेव्हा तोंडाशी आलं होतं," ती म्हणाली. "पण एकीकडे बापाची शपथ. आणि तुम्ही म्हणाल, तुझ्या माहेरचं दिलंस पोराला. त्याला भ्यायले मी. पोरगं मार खाऊन बसलं आणि मी गप्प राहिले." ती आता माझ्याकडे बघून बोलत होती. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मला इतकं हलकं वाटत होतं की रागाला जागाच नव्हती. मी थट्टा केली नव्हती, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

अण्णा उठले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. डब्यातली एक कांडी घेतली आणि सवयीने तिची शेपटी चिमटीत धरून फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मग हाताकडे बघत म्हणाले, "मग वीस वर्षं मी कशाचा पीळ बघतोय?"

आधी आईच्याच तोंडून हसू फुटलं. तिने पदर तोंडावर धरला, पण ते थांबेना. मग बाई हसल्या आणि मग अण्णा स्वतःच असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"मुकुंद, माकडहाड शिकवलंय ना मी तुम्हाला?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "शेपूट गेलं, पण हाड मागे राहिलं. इथे गाठी गेल्या आणि शेपटी राहिली."

"आणि मी ती सगळ्या गावाला लावली," अण्णा म्हणाले.

हसता हसता त्यांचा चेहरा केव्हा बदलला ते मला कळलं नाही. ते फोटोकडे बघत होते. ते आईला म्हणाले, "मला सांगायचं होतंस गं. चार गल्ल्या टाकून तर घर होतं. रोज पहाटे जाऊन मी मारून आलो असतो गाठी."

आई खाली बसली आणि रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी चहाचं आधण उतरवायला आत गेलो, कारण ते केव्हाचं उकळून चाललं होतं.

जाताना बाईंनी अण्णांकडे एक गोष्ट मागितली. तो कापलेला पदर. अण्णा ओशाळले, पण त्यांनी तो फळीवरून काढून दिला. टाकला नव्हता त्यांनी. बाईंनी उजेडात धरून तो पाहिला आणि म्हणाल्या, "वीण कशी आहे, अण्णा? रंग सोडून सांगा."

अण्णांनी लाल पोपटावरून अंगठा फिरवला. उलट बाजूवरूनही फिरवला. "वीण चांगली आहे," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी ते माझ्याबद्दल चांगलं बोलले, तेही बाईंशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरत होतो. मागाच्या खोलीतून अण्णांनी हाक मारली, "मुकुंदा, इकडे ये."

मी गेलो. ते खाली मांडी घालून बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला. समोर लाल आणि हिरव्या कांड्यांचा ढीग होता. फणी मारून मारून अण्णांची बोटं जाड झाली होती आणि बारीक गाठ त्यांना मारता येत नव्हती. तोंडाने पुटपुटत, दातांनी ओढत ते एकेक मारत होते.

"लालला एक, हिरव्याला दोन. बरोबर?" त्यांनी एक कांडी माझ्या हातात दिली. "बघ."

मी शेपटी चिमटीत धरली. दोन गाठी लागल्या. बोटांना त्या इतक्या स्पष्ट लागल्या की मला दचकल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा मला कोणाला न विचारता कळलं.

"हिरवा," मी म्हणालो.

"हं," अण्णा म्हणाले. "मनमाडला पत्र टाकतो. पोरगा येत नाही म्हणून."

मग मी नीट बघितलं. नुसत्या माझ्या डब्यातल्या नाही, त्यांच्या स्वतःच्या डब्यातल्या कांड्यांनाही त्यांनी गाठी मारल्या होत्या. घरातल्या सगळ्या कांड्यांना. मी विचारलं, "तुमच्या कशाला, अण्णा?"

"लोक विचारतील, पोराच्याच कांड्यांना गाठी का?" ते मान वर न करता म्हणाले. "सगळ्यांनाच असल्या म्हणजे कोणी विचारत नाही. वस्तादांची पद्धत आहे म्हणायचं. आहेच ती."

अण्णा गेले त्या वर्षापर्यंत त्यांनी एकही कांडी बिनगाठीची ठेवली नाही. आमच्याकडे शिकायला आलेली पोरंही निमूट गाठी मारतात. मी विणकर झालो. रंग निवडायला आधी आई होती, मग इंदू, आता माझी बायको. त्यांना रंग दिसतात आणि मला रेशीम दिसतं, असं आमचं चाललंय आणि बरं चाललंय.

तो लाल पोपटांचा पदर बाई दर वर्षी दहावीच्या वर्गात न्यायच्या. काही न सांगता तो वर धरायच्या आणि विचारायच्या, "यात काय चुकलंय?" सगळा वर्ग ओरडायचा. ज्या पोरांना त्यात काहीच चूक दिसायची नाही त्यांना त्या शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. निवृत्त होईपर्यंत अशी एकोणीस पोरं त्यांना सापडली. त्यातल्या किती जणांची थप्पड वाचली असेल ते मला माहीत नाही. माझी आणि मनमाडच्या सायकलींची गाठ मात्र बाईंमुळेच टळली, आणि माझ्या आईच्या उरावरचं ओझंही त्यांच्यामुळे उतरलं. किशोर म्हणाला होता तसे माझे आकडे त्यांनी खोडू दिले असते तर?

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि पैठणी त्यांच्यासमोर ठेवली. त्या रागावल्या, नको म्हणाल्या, मग चष्मा लावून पदर मांडीवर पसरून बसल्या.

"पोपट हिरवे आहेत," त्या म्हणाल्या. "चोची लाल आहेत. या वेळी सगळं बरोबर."

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल, बाई."

त्या हसल्या. मग पदराच्या कोपऱ्यात त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. तिथे मी एक धागा बोटभर लोंबता सोडला होता. बाईंनी तो निरखला, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून डोळे मिटले. शेपटी चिमटीत धरली, अगदी आमच्या घरच्यासारखी, आणि हलकेच दोन वळसे फिरवली.

"हिरवा," बाई म्हणाल्या.

"बरोबर, बाई," मी म्हणालो. रंगाच्या बाबतीत कोणाला तरी बरोबर म्हणण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.